पाळीव सशाची नखे

काशीतील शिंदे घाट आणि भोसले घाट यांच्या दरम्यान संकठा घाट आहे. दगडी पायऱ्या, दगडी गल्ल्या आणि फरसबंद घरे अशी या भागाची घडण आहे. अशा घरात पाळलेल्या सशाला उकरण्यास माती मिळत नाही, आणि त्याच्या नखांचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द दोन भिन्न प्राण्यांसाठी वापरला जातो. भारतातील रानससा बीळ खणत नाही. तो गवतातील उथळ खळग्यात दडून बसतो. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने त्याला संरक्षण दिले असल्यामुळे तो पाळता येत नाही. घरोघरी दिसणारा ससा हा युरोपातील बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज होय. त्याची नखे जन्मभर वाढतात आणि जमीन उकरताना झिजतात. झीज थांबली की ती वाकतात. सशाच्या तळपायाला मांसल गादी नसते, केवळ केस असतात. नखे लांबली की शरीराचा भार टाचेकडे सरकतो, तेथील केस झडतात आणि जखमा होतात.

सशाला एकूण अठरा नखे असतात : पुढच्या प्रत्येक पायास पाच, मागच्या प्रत्येक पायास चार. प्रत्येक नखाच्या आत रक्तवाहिनी व मज्जातंतू असलेला सजीव भाग असतो. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो. काळ्या नखामागे विजेरी धरली असता त्याची सावली उमटते. या भागापासून थोडे अंतर राखून केवळ टोक कापावे. चुकून रक्त आलेच, तर स्वच्छ कापूस काही मिनिटे दाबून धरावा. रक्त थांबले नाही, तर पशुवैद्याकडे जावे.

खरा धोका मात्र नखात नसून पाठीत असतो. सशाची हाडे हलकी, पण मागच्या पायांचे स्नायू अतिशय बलवान असतात. भ्यालेल्या सशाने अधांतरी जोराने लाथ झाडली, तर त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. म्हणून त्याला मांडीवर किंवा जमिनीवर टॉवेलात गुंडाळून बसवावे, मागच्या भागाला आधार द्यावा आणि एकेक पाय बाहेर काढावा. उताणा केलेला ससा निश्चल पडतो. ती शांतता नव्हे, भीती होय.

दर चार ते सहा आठवड्यांनी नखे पाहावीत. ससा धडपडू लागला तर काम तेथेच थांबवावे. उरलेली नखे दुसऱ्या दिवशी कापता येतात.