विश्लेषण : रिचार्ज केला, बॅलन्स गेला कुठे? न मागितलेल्या सेवेचे पैसे परत मिळतात का?

भामरागड, एटापल्ली, जिवतीकडच्या अनेक गावांत मोबाइल दिवसभर खिशात असतो, पण रेंज नसते. आठवडी बाजाराला आल्यावर अडकलेले मेसेज एकदम येऊन पडतात. त्यात एखादा इंग्रजी मेसेज असतो : अमुक सेवा सुरू झाली, इतके रुपये कापले. विनातक्रार पैसे परत मागण्याची मुदत आहे २४ तास. मेसेज वाचेपर्यंत ती बहुधा उलटलेली असते.

पैसे नेमके कशाचे कापले जातात?

कॉलर ट्यून, क्रिकेटचा स्कोअर, राशिभविष्य, विनोद अशा सेवांना मूल्यवर्धित सेवा म्हणतात. स्क्रीनवर अचानक चौकट उमटते, कीपॅड फोनवर चुकून मधले बटण दाबले जाते आणि सेवा सुरू होते. पैसे मुख्य बॅलन्समधून जातात. अनलिमिटेड पॅक वापरणाऱ्यांचा मुख्य बॅलन्स बहुतेक वेळा शून्यच असतो, त्यामुळे त्यांना हे कळतही नाही. फटका बसतो तो दहा-वीस रुपयांचा टॉकटाइम टाकणाऱ्याला.

दुसरा प्रकार आपणच पाठवलेल्या एसएमएसचा. स्पर्धा, मतदान यांच्या पाच-सहा आकडी क्रमांकांना पॅकमधले मोफत एसएमएस सहसा लागू होत नाहीत.

‘केबीसी’चे प्रकरण काय होते?

२००७ मध्ये शाहरुख खान सूत्रसंचालक असताना ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये ‘हर सीट हॉट सीट’ ही प्रेक्षकांसाठीची स्पर्धा होती. एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे पडत. बक्षिसाचा खर्च याच कमाईतून भागतो आणि ते प्रेक्षकांना सांगितले जात नाही, अशी तक्रार झाली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये स्टार इंडिया आणि एअरटेलला एक कोटी रुपयांचा दंडात्मक भुर्दंड ठोठावला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो रद्द केला. बक्षीस एसएमएसच्याच पैशातून दिले, याचा पुरावा नव्हता. थोडक्यात, आपण स्वतः पाठवलेल्या एसएमएसचे पैसे परत मिळवणे अवघड. न मागता सुरू झालेल्या सेवेचे तसे नाही.

नियम काय सांगतो?

‘ट्राय’च्या जुलै २०१३ च्या निर्देशानुसार अशी सेवा सुरू करायला ग्राहकाची दोनदा संमती लागते. दुसरी संमती त्रयस्थ यंत्रणेमार्फत घ्यायची असते. ती मिळाली नाही तर पैसे कापता येत नाहीत. सेवा बंद करण्यासाठी सर्व कंपन्यांचा मिळून १५५२२३ हा टोल फ्री क्रमांक आहे. सेवा सुरू झाल्यापासून २४ तासांत ती बंद करायला सांगितली, तर कापलेली रक्कम परत मिळते.

कागदावर हे चोख आहे. पण २४ तासांचे घड्याळ चालू होते ते सेवा सुरू झाल्यावर, मेसेज पोहोचल्यावर नाही. शिवाय मेसेज इंग्रजीत. घरात माडिया किंवा सिरोंचाकडे तेलुगू बोलणाऱ्याला तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो.

मुदत उलटली तर?

हक्क तेवढ्याने संपत नाही. आधी १५५२२३ वर सेवा बंद करावी, नाहीतर पुढच्या रिचार्जलाही कात्री लागते. मग त्याच सिमवरून १९८ ला तक्रार करावी आणि ‘माझी दुसरी संमती कधी, कशी घेतली ते दाखवा’ अशी मागणी करावी. प्रश्न २४ तासांचा नसून संमतीचा आहे, हे इथे ठासून सांगायला हवे. तक्रारीचा डॉकेट क्रमांक लिहून ठेवावा. प्रीपेड ग्राहकालाही मागच्या सहा महिन्यांतील वापराचा तपशील मागता येतो. त्यासाठी ५० रुपयांपेक्षा जास्त आकारता येत नाहीत. उत्तर पटले नाही, तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क दाद मागता येते. ‘ट्राय’ स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही.

त्यापुढे चंद्रपूर आणि गडचिरोलीचे जिल्हा ग्राहक आयोग आहेत. मोबाइल कंपनीविरुद्ध तिथे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही. अर्थात तीस रुपयांसाठी भामरागडहून गडचिरोली गाठायची, तर एसटीचे भाडेच त्याहून जास्त होते. त्यामुळे १९८ वरची तक्रार आणि अपील, दोन्ही फोनवरूनच उरकलेले बरे. बाजाराच्या दिवशी, रेंज असेपर्यंत.