खालच्या माणसाचा हात

शरीर आणि साहस : भाग सहावा

मे २०१८मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधले पाच जण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले : मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडवी, कविदास काठमोडे आणि विकास सोयाम. आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’मधली ही पोरं. दार्जिलिंग आणि लडाखचा सराव सगळ्यांच्या लक्षात राहिला, पण त्याआधीचा टप्पा होता हैदराबादजवळच्या भुवनगिरीचा, म्हणजे भोंगीरचा. तिथली टेकडी म्हणजे एकच अखंड, उघडाबोडका खडक. चंद्रपूर जिल्ह्यातलं राजुरा एके काळी निजामाच्याच राज्यात होतं, त्यामुळे इथल्या पोरांनी खडक शिकायला त्या मुलखात जावं हे मला गमतीचं वाटतं.

तेव्हापासून इकडच्या आईबापांचा प्रश्न एकच असतो : ‘पोट्टं कडा चढाले जातो म्हणते. पाठवू का?’ पाठवा. पण आधी दोर कोण धरणार आहे, तेवढं विचारा.

शिकाऊ माणूस चढतो तेव्हा दोर वरच्या पक्क्या आधारातून फिरून खाली साथीदाराकडे आलेला असतो. चढणारा जसा वर सरकतो तसा खालचा साथीदार ढिला दोर ओढून घेत राहतो. याला बिले देणं म्हणतात. कंबरेच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, एक छोटं धातूचं साधन अडकवलेलं असतं. त्यातून गेलेला दोर वळला की घर्षण वाढतं, आणि त्या जोरावर पन्नास किलोचा माणूस सत्तर किलोच्या माणसाला थोपवू शकतो. अट एकच : खालच्या बाजूचा दोर धरलेला हात कधीही सुटता कामा नये. फोन वाजला तरी नाही, तोंडावर माशी बसली तरी नाही.

दोरातही दोन जाती. चढाईचा दोर ताणला जातो आणि पडणाऱ्याचा झटका पोटात घेतो. पूर्ण वेगाने पडलेला माणूस थांबवताना तो त्या क्षणी तिसऱ्या हिश्श्याएवढाही लांबू शकतो. रॅपलिंगचा दोर फारसा ताणत नाही, त्यामुळे उतरायला तो उत्तम. त्यावर पडणं मात्र कंबर मोडून घेण्यासारखं. ट्रॉलीवरचा माल आवळायचा बाजारातला नायलॉनचा दोर या दोन्हींत बसत नाही, त्याने ट्रॉलीच बांधावी.

माझी फजिती सांगतो. एका शिबिरात इंग्रजी आठच्या आकाराची गाठ मी अर्धी मारली आणि दोराचं टोक परत फिरवायच्या आधीच कोणाशी तरी गप्पांत रंगलो. पाय खडकावर ठेवणार, तोच जोडीदाराने माझा हार्नेस धरून मागे ओढलं आणि गाठीवर बोट ठेवलं. तो काही बोलला नाही. पुढे दिवसभर मीच गाठ मोठ्याने मोजत होतो. चढायच्या आधी एकमेकांची गाठ, पट्ट्याचं बक्कल, कॅराबिनरचं, म्हणजे दोर अडकवायच्या कडीचं, कुलूप डोळ्यांनी आणि हातांनी तपासायचं, हा नियम वीस वर्षं चढणाऱ्यालाही लागू असतो. जुन्याला जास्तच.

आता शरीराचं. नवखा माणूस हातांनी चढतो, म्हणून दहा मिनिटांत त्याच्या कोपरापुढचा हात दगडासारखा होतो. घट्ट आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो, रक्त फिरत नाही, आणि बोटं आपोआप उघडायला लागतात. उपाय सोपा आहे : हात सरळ ठेवून लटकायचं, वजन पायांवर घ्यायचं आणि मधूनच एक हात खाली सोडून झटकायचा. दोन हात, दोन पाय, त्यातले तीन कायम खडकावर. ताडाच्या झाडावर चढणाऱ्याला हे कोणी शिकवलेलं नसतं, त्याचे पायच त्याला वर नेतात.

बोटांच्या बाबतीत मात्र घाई नको. स्नायू काही आठवड्यांत बळावतात, कंडरांना महिनोन् महिने लागतात. त्यामुळे ताकद आली असं वाटत असतानाच बोटाच्या मुळाशी ‘टक्’ होतं. वाढत्या वयात तर बोटांच्या हाडांच्या टोकाजवळचा वाढीचा थर अजून कूर्चेचा असतो, म्हणून चौदा-पंधराच्या पोरांना नखभर खाचेवर लटकायचे व्यायाम देऊ नयेत. बोट दुखतंय म्हटल्यावर ‘सहन कर’ म्हणणारा प्रशिक्षक बदलावा.

फायदे तर आहेतच. पकड, पाठ, पोट, तोल हे सगळं एकदम कामाला लागतं. मला मोठा वाटतो तो वेगळाच : पुढची पकड कुठली हे ठरवताना घाबरलेल्या डोक्याला विचार करावा लागतो, आणि हळूहळू त्याला ती सवय लागते.

इकडे चढायचं तर हवामान आधी. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, खडक तव्यासारखा तापतो, घामाने पकड निसटते. हिवाळ्यातली सकाळ बरी. पावसाने भिजलेल्या वालुकाश्मावर जाऊच नये, ओला असताना तो ठिसूळ होतो आणि हातात तुकडा येतो. आणि कड्याखाली उभं राहून आधी वर नीट बघावं. आग्यामोहोळ दिसलं तर सामान गुपचूप उचलून परत फिरावं. दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही.

पुढच्या भागात : बूट.