कॉम्प्युटरलाही हवा खेळती हवी!

मैत्रिणींनो, उन्हाळ्यात आपला जीव कासावीस होतो, तसा घरातल्या कॉम्प्युटरचाही होतो बरं का! गेल्या एप्रिलात वार्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका टाइप करताना आमचा तीनदा बंद पडला. ‘हे’ म्हणाले, “नवाच घेऊ या.” मी प्लग काढून कॅबिनेट उघडलं, तर मागचा पंखा धुळीनं जाम!

नवा पंखा घेताना चौकटीचं माप पाहा : 80, 120 की 140 मिलिमीटर. जागेत बसेल तेवढा मोठा घ्या. तो सावकाश फिरूनही तेवढीच हवा ओढतो, घरघरही कमी. 4 पिनांचा असेल तर उष्णतेप्रमाणे वेग बदलतो. मात्र मदरबोर्डवर तशी जोडणी हवी. पुढचा पंखा हवा आत घेणारा, मागचा बाहेर टाकणारा असावा.

आमचं हजारोंचं काम शे-पाचशेत भागलं. प्रश्नपत्रिकाही वेळेवर गेली!