अपघात झाला, चूक कोणाची?
टेम्पो-रिक्षा मालकांनी आणि कारागिरांनी माहीत करून घ्यावे असे काही

मालेगावहून कापडाचे तागे भरून एक टेम्पो मुंबई-आग्रा महामार्गाने भिवंडीकडे निघाला आहे, असे समजा. रात्रीची वेळ. आडरस्त्यावरून एक मोटारसायकल एकदम महामार्गावर येते आणि टेम्पोशी तिची टक्कर होते. मोटारसायकलवाल्याचा पाय मोडतो. पाच मिनिटांत गर्दी जमते आणि "मोठ्या गाडीचीच चूक" असा निकाल देऊन टाकते. ड्रायव्हर घाबरून मालकाला फोन लावतो. मालक म्हणतो, "काय मागतात ते देऊन टाक आणि गाडी काढ." गाडी निघते, माल पोचतो. काही महिन्यांनी दुकानावर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस येते. तेव्हा लक्षात येते की, आपली बाजू सांगणारा एकही कागद आपल्याजवळ नाही.

आज आपल्या समाजातील पुष्कळ लोकांचा धंदा टेम्पो, रिक्षा आणि छोट्या हाथीवर चालतो. तेवढेच लोक हातगाडी ओढून किंवा मोटारसायकलवर माल बांधून पोट भरतात. म्हणून हा प्रश्न दोन्ही बाजूंनी समजून घेतला पाहिजे.

गाडी मोठी म्हणून चूक मोठी नव्हे

वाहनाच्या आकारावरून चूक ठरत नाही. कोणी नियम मोडला आणि त्यामुळेच अपघात झाला काय, हे पाहिले जाते. आडरस्त्याने येणाऱ्याने मुख्य रस्त्यावरील वाहनाला आधी जाऊ द्यावे, मागच्या वाहनाने पुढच्यापासून पुरेसे अंतर ठेवावे, रात्री बंद पडलेली गाडी दिवे न लावता रस्त्यात सोडू नये, हे साधे नियम आहेत. पुढचा ट्रक अचानक थांबला म्हणून मागून धडकलेल्या मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मोटारचालकालाच दोषी मानले, कारण त्याने सुरक्षित अंतर ठेवले नव्हते.

कधी कधी घटनाच बोलते. नागपूरहून पांढुर्ण्याला निघालेली एका जिनिंग कंपनीची मोटार रस्ता सोडून झाडावर आदळली होती. अशी गाडी निष्काळजीपणाशिवाय झाडावर जात नाही, तेव्हा खुलासा चालवणाऱ्याच्या बाजूने झाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली म्हटले. गाडी कंपनीचा मॅनेजर चालवत होता, पण भरपाईची जबाबदारी कंपनीवरही आली. कामावर असताना नोकराच्या हातून झालेली चूक मालकाच्या खात्यावर जमा होते, हे व्यापाऱ्यांनी विसरू नये.

पुरावा रस्त्यावर असतो

निकाल पुढे केव्हातरी लागतो, पण त्याचा आधार असतो घटनास्थळाचा पंचनामा आणि नकाशा. रस्ता किती रुंद, गाड्या कोणत्या बाजूला उभ्या होत्या, टायरच्या खुणा कोठून सुरू होतात, काचा कोठे पडल्या, ठोकर समोरून बसली की बाजूने, या गोष्टी त्यात येतात. वरच्या उदाहरणात टेम्पोचा पत्रा केबिनच्या मागे बाजूने चेपला असेल तर मोटारसायकल येऊन धडकली असे दिसते. समोरचा बंपर चेपला असेल आणि टायरच्या खुणा उजव्या बाजूला गेलेल्या असतील, तर गोष्ट वेगळी होते. मात्र गाड्या हलल्या आणि काचा झाडून टाकल्या की सांगणारे कोणी उरत नाही.

म्हणून पहिले काम जखमीला दवाखान्यात पोचवण्याचे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ते ड्रायव्हरचे कर्तव्य आहे. जमावाकडून जिवाला धोका असेल तर थांबता येत नाही, हे कायदाही मानतो. अशा वेळी सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. कळवण्याची कमाल मुदत २४ तास आहे. गाड्या हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढावेत, दोन साक्षीदारांची नावे घ्यावीत, जवळच्या दुकानात किंवा पेट्रोल पंपावर कॅमेरा आहे काय ते पाहावे आणि विमा कंपनीला लगेच कळवावे. रस्त्यात चूक कबूल करून काहीही लिहून देऊ नये. कंपनीच्या संमतीशिवाय दिलेली अशी कबुली विम्याच्या अटींविरुद्ध जाते.

दोघांची चूक असेल तर

न्यायाधिकरण टक्केवारी ठरवते. नुकसान १० लाखांचे आणि जखमीची स्वतःची चूक ३० टक्के असेल तर त्याला ७ लाख मिळतात. पण केवळ एक नियम मोडला म्हणून पैसे कापता येत नाहीत. मोटारसायकलवर तिघे बसले एवढ्यावरून भरपाई कमी करता येणार नाही, त्यामुळे अपघात घडला हे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. फौजदारी खटल्यात ड्रायव्हर सुटला तरी दावा संपत नाही. तेथे गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, येथे संभव कोणत्या बाजूला जास्त आहे तेवढे पाहतात.

चूक सिद्ध करण्याची ताकद नसलेल्या गरिबासाठी कलम १६४ आहे. त्यात चूक दाखवावी लागत नाही. मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी २.५ लाख रुपये ठरलेले आहेत. मात्र ही रक्कम स्वीकारली की मोठा दावा संपतो, म्हणून वकिलाला विचारूनच सही करावी. १ एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली गेली आहे. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले असले तरी त्यावर विसंबून राहू नये.

लायसन्स आणि खोटा ड्रायव्हर

लायसन्स नसणे म्हणजे अपघाताची चूक नव्हे. पण विमा कंपनी जखमीला दिलेले पैसे मालकाकडून वसूल करू शकते. हलक्या वाहनाचे लायसन्स असलेला माणूस ७५०० किलोपर्यंतच्या वजनाचे मालवाहू वाहनही चालवू शकतो, असा सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींचा निकाल नोव्हेंबर २०२४ मध्ये झाला आहे. छोट्या टेम्पोवाल्यांना त्याने मोठा दिलासा मिळाला.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. गाडी चालवत असतो मालकाचा पोरगा आणि पोलिसांसमोर उभा केला जातो लायसन्सवाला दुसराच कोणी. भाड्याचे साक्षीदारही मिळतात. याला कोणी हुशारी समजू नये. आपल्या स्वतःच्या किंवा आईबापांच्या विरुद्ध जात असली तरी साक्ष खरी द्यावी, ही सूरह निसाची शिकवण आहे. त्या मोडलेल्या पायावर एखाद्या घराची रोजी अवलंबून असते. त्याचा हक्क हा हुकूकुल इबादचा भाग आहे आणि तो बुडवला तर कोर्टातून सुटलेला माणूसही हिशोबातून सुटत नाही. आपली चूक नसेल तर पुराव्यानिशी ठामपणे सांगावे. चूक असेल तर मान्य करावी आणि जखमीला त्याची भरपाई मिळू द्यावी. विम्याचा हप्ता आपण त्यासाठीच भरतो.