ब्रिटिश गुन्हेशोध मालिकांचा आस्वाद : ‘इन्स्पेक्टर मोर्स’ मालिकात्रयीच्या संदर्भात

प्रस्तावना

गुन्हेगार एकदा कळला की रहस्यकथेतील रहस्य संपते. असे असूनही ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील गुन्हेशोध मालिका दीर्घकाळ चालल्या आणि त्या पुन्हा पुन्हा पाहिल्या जातात. ‘टॅगर्ट’ ही मालिका १९८३ मध्ये सुरू झाली. नायकाची भूमिका करणारे मार्क मॅकमॅनस यांचे १९९४ मध्ये निधन झाल्यानंतरही ती त्याच नावाने २०१० पर्यंत चालली. या दीर्घायुष्याचे कारण केवळ रहस्यात सापडत नाही. ‘इन्स्पेक्टर मोर्स’ आणि तिच्यातून निर्माण झालेल्या दोन मालिकांच्या आधारे प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

मालिकात्रयीचे स्वरूप

लेखक कॉलिन डेक्स्टर हे मूळचे अभिजात भाषांचे अध्यापक. बहिरेपणामुळे अध्यापन सोडून १९६६ पासून त्यांनी ऑक्सफर्ड येथील परीक्षा मंडळात काम केले. त्यांची पहिली मोर्स कादंबरी १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यावर व नंतरच्या कादंबऱ्यांवर उभी राहिलेली ‘इन्स्पेक्टर मोर्स’ ही मालिका १९८७ ते २००० या काळात ३३ भागांत सादर झाली. पुढे ‘लुईस’ (२००६-२०१५) या मालिकेचे ३३ आणि ‘एन्डेव्हर’ (२०१२-२०२३) या मालिकेचे ३६ भाग झाले. तिन्हींची पार्श्वभूमी ऑक्सफर्डचीच आहे.

विद्या आणि अनुभव

मोर्स ऑक्सफर्डमध्ये शिष्यवृत्तीवर शिकत होता. परंतु प्रेमभंगानंतर पदवी न घेताच त्याला विद्यापीठ सोडावे लागले. तेथील महाविद्यालयांच्या प्रांगणात तो पुढे पोलीस अधिकारी म्हणून परततो. प्राध्यापकांची चौकशी करताना विद्येविषयीचा आदर आणि विद्वानांच्या अहंकाराविषयीची चीड त्याच्या ठायी एकत्र नांदतात. त्याचा सहायक लुईस हा न्यूकॅसलच्या श्रमिक वर्गातून आलेला. मोर्स त्याचे व्याकरण सुधारतो. मात्र मोर्सचा चतुर तर्क अनेकदा चुकतो आणि लुईसच्या एखाद्या साध्या वाक्यातून त्याला खरी दिशा सापडते.

‘लुईस’ मालिकेत हे नाते उलटते. आता लुईस वरिष्ठ आहे आणि केंब्रिजमध्ये शिकलेला, एकेकाळी धर्मगुरू होऊ पाहणारा हॅथवे त्याचा सहायक आहे. ‘एन्डेव्हर’मध्ये तरुण मोर्स स्वतःच शिकाऊ ठरतो, दुसऱ्या महायुद्धात लढलेला थर्सडे त्याला माणसे ओळखण्यास शिकवतो. पुस्तकी विद्या आणि अनुभवज्ञान यांचा हा संवाद गुन्ह्याची उकल झाल्यावरही संपत नाही.

आस्वादाचा क्रम

‘एन्डेव्हर’ची कथा १९६५ पासून सुरू होते, म्हणजे कथाकालानुसार ती पहिली आहे. तरीही नव्या प्रेक्षकाने निर्मितिक्रम पाळणे श्रेयस्कर. ‘एन्डेव्हर’च्या आरंभी मद्य न घेणारा तरुण मोर्स थर्सडेच्या आग्रहावरून पेला उचलतो. केवळ तीच मालिका पाहणाऱ्यास हा प्रसंग किरकोळ वाटेल. प्रौढ मोर्सचे मद्यपान आणि एकाकीपण आधी पाहिलेल्या प्रेक्षकास मात्र त्यातील शोकात्म अर्थ जाणवतो.

समारोप

सारांश, या मालिकांत गुन्हा हे निमित्त आहे. वर्षानुवर्षांच्या सहवासातून व्यक्तिरेखांचा भूतकाळ आणि भविष्यकाळ प्रेक्षकाला ज्ञात होतो. म्हणूनच उत्तर ठाऊक असलेला भागही पुन्हा पाहावासा वाटतो. ज्ञानाची मक्तेदारी पदवीकडे नसते, हा त्यांचा प्रत्यय अध्यापकवर्गाला विशेष अंतर्मुख करणारा आहे.