नाण्यावरील राणी आणि तिरोडीचा ताम्रपट

बालाघाट जिल्ह्यातील तिरोडी हे गाव मँगनीजच्या खाणींसाठी ओळखले जाते; इतिहासाच्या अभ्यासकांना मात्र ते वाकाटक नरेश दुसऱ्या प्रवरसेनाच्या २३ व्या राज्यवर्षातील ताम्रपटामुळे परिचित आहे. वाकाटकांच्या ताम्रपटांतील वंशावळीत राजमाता प्रभावतीगुप्ता हिचा उल्लेख पित्याच्या नावासह येतो.

रोमने राजस्त्रियांना हा मान नाण्यांवर दिला. भारतात विपुल सापडलेल्या टायबेरियसच्या (इ. स. १४ ते ३७) चांदीच्या नाण्यांवर मागील बाजूस राजदंड घेऊन बसलेली स्त्री दिसते. ती सम्राटाची आई लिव्हिया असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. आपल्याकडे सातवाहन राणी नागनिकेचे नाव जुन्नरच्या चांदीच्या नाण्यावर आढळले.

अशी नाणी जमवणाऱ्याने किमतीआधी प्राप्तिस्थान विचारावे. नाणे कोणत्या गावी, कोणत्या नाण्यांसोबत निघाले हे कळले, तरच त्यावरून व्यापाराचा मार्ग व काळ यांचा अंदाज बांधता येतो. ठेवा फुटून एकेक नाणे विकले गेले की तो पुरावा कायमचा नष्ट होतो. दहा रुपयांहून अधिक मूल्याचा भूमिगत ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे, हेही संग्राहकाने ध्यानी ठेवावे. तिरोडीच्या ताम्रपटाला त्याचे गाव आहे. नाण्यालाही ते असावे.