एक सेंटिमीटर आणि दोन खोकी

राहात्याच्या बाजारात डाळिंब येते ते प्लास्टिकच्या कॅरेटमधून. कॅरेटवर कॅरेट चढवताना कुणी फारसा विचार करत नाही, आणि करायची गरजही नसते. वरच्या कॅरेटची भिंत खालच्याच्या भिंतीवर बसते, वजन प्लास्टिक पेलते, फळाला पत्ताही लागत नाही. हेच डाळिंब परदेशी निघाले की कॅरेट मागे राहते आणि पुठ्ठ्याचे खोके येते. तिथून गणित सुरू होते.

ही खोकी रचतात पॅलेटवर. पॅलेट म्हणजे लाकडी फळ्यांचा बुटका चौरंग, खाली फोर्कलिफ्टचे दाते शिरतील एवढी पोकळी असलेला. निर्यातीत १२० बाय १०० सेंटिमीटरचे पॅलेट खूप चालते. समजा खोक्याचा तळ ४० बाय ३० सेंटिमीटरचा आहे. एका थरात किती खोकी बसतील? सगळ्यांची ३० सेंटिमीटरची बाजू पॅलेटच्या लांबीला लावली तर आठ. सगळी फिरवून ४० ची बाजू लांबीला लावली तर नऊ, आणि कडेला दहा सेंटिमीटरची पट्टी मोकळी. पण एक ओळ एका दिशेने चार खोक्यांची आणि दोन ओळी दुसऱ्या दिशेने तीन-तीन खोक्यांच्या लावल्या, तर बरोबर दहा बसतात आणि तसूभरही जागा उरत नाही. कागदावर चौकोन काढून पाहा, दोन मिनिटांचे काम आहे.

आता खोके दोन्ही बाजूंनी फक्त एक सेंटिमीटरने वाढवा, म्हणजे ४१ बाय ३१. एखादे खोके कमी होईल, असे वाटते. प्रत्यक्षात दोन कमी होतात. कारण असे: पॅलेटच्या १०० सेंटिमीटरच्या बाजूवर ४१ आणि ३१ यांची शंभराच्या आत बसणारी मोठ्यात मोठी बेरीज ९३ आहे, तीन वेळा ३१. एक ४१ आणि दोन ३१ घेतले की १०३ होतात, म्हणजे पॅलेटबाहेर. खोकी कशीही फिरवा, त्या बाजूला सात सेंटिमीटर वाया जाणारच. म्हणजे वापरता येईल अशी जागा फार तर १२० बाय ९३, अर्थात ११,१६० चौरस सेंटिमीटर. नऊ खोक्यांना ११,४३९ लागतात. आठांवर थांबावे लागते.

हा नुसता कोड्याचा खेळ नाही. खोके ११ सेंटिमीटर उंच आणि मालासह पाच किलोचे धरा, पॅलेटवर १८ थर धरा. दहाच्या थराने एका पॅलेटवर १८० खोकी होतात, आठच्या थराने १४४. चाळीस फुटी शीतकंटेनरमध्ये अशी साधारण २० पॅलेट बसतात. (तिथेही तेच कोडे आहे. आतली लांबी साडेअकरा मीटर, म्हणून एका ओळीत पॅलेट आडवी लावून अकरा आणि शेजारच्या ओळीत उभी लावून नऊ.) फरक ७२० खोक्यांचा पडतो, म्हणजे ३,६०० किलो फळ. भाडे मात्र कंटेनरचे असते, आतल्या खोक्यांचे नव्हे.

हा एक सेंटिमीटर येतो कुठून? बहुतेक वेळा मापाच्या बोलीतून. पुठ्ठ्याच्या खोक्याचे माप सांगण्याची कारखानदारांची रीत आतल्या मापाची आहे. पाच प्लायचा पुठ्ठा सहा-एक मिलिमीटर जाड असतो, दोन्ही भिंती मिळून सेंटिमीटरभर. कागदावर ४० बाय ३० लिहिलेले खोके पॅलेटवर ४१ बाय ३१ भरते. शिवाय फळ भरल्यावर भिंती थोड्या फुगतात. म्हणून ऑर्डर देण्याआधी नमुन्याचे खोके भरून बाहेरून टेप लावावी.

ऑर्डर देऊन झाली असेल तर पॅकहाउसमध्ये एक मोह होतो: दहा तर दहाच बसवू, थोडी खोकी बाहेर लटकली तर काय बिघडते? चार वेळा ३१ म्हणजे १२४, दोन्ही कडांना दोन-दोन सेंटिमीटर बाहेर. बिघडते ते इथेच. पुठ्ठ्याच्या खोक्याची ताकद चारही भिंतींत सारखी वाटलेली नसते. वरून दाब आला की भिंतीचा मधला भाग बाहेर वाकतो आणि अंग काढून घेतो. वजनाचा मोठा वाटा चार उभे कोपरे पेलतात. खोके कडेबाहेर सरकले की त्याचे दोन कोपरे अधांतरी होतात. एवढ्याशा लटकण्याने खोक्याची पेलण्याची ताकद एक तृतीयांशाच्या आसपास घटते.

कोपऱ्यांची ही गोष्ट आपल्या हाताच्या सवयीविरुद्ध जाते. अहिल्यानगर हा साखरेचा जिल्हा. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हापासून इथल्या गोदामांत पोत्यांच्या थप्प्या लागत आल्या आहेत. पोत्यांच्या थप्पीचा नियम गवंड्याचा असतो, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. एक थर उभा, पुढचा आडवा, म्हणजे थप्पी एकमेकांत गुंतते आणि घसरत नाही. पोत्यासाठी हे अगदी बरोबर आहे, कारण पोत्याला कोपरा नसतो आणि आतली साखर स्वतःच वजन पेलते. तोच हात पुठ्ठ्याच्या खोक्यांना लागला, की वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या झाकणाच्या मधोमध येतो. रचना दिसायला भक्कम, पण खोक्यांची ताकद जवळजवळ निम्मी होते.

आकड्यांत पाहू. समजा प्रयोगशाळेत एक खोके ४०० किलोचा दाब सोसते. पण तो दाब काही सेकंदांचा असतो. महिनाभर सतत ओझे राहिले तर पुठ्ठा हळूहळू खचतो आणि त्याची ताकद सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते, उरले २४०. डाळिंब न सुकता टिकावे म्हणून शीतगृहात हवा ९० टक्क्यांहून अधिक दमट ठेवतात. फळाला ती मानवते, पुठ्ठ्याला नाही. ओलसर पुठ्ठा निम्म्यावर येतो, उरले १२०. अठरा थरांत सर्वांत खालच्या खोक्यावर सतरा खोक्यांचे ८५ किलो असतात. कोपऱ्यावर कोपरा ठेवून सरळ रचले असेल तर निभावते. गुंतवून रचले असेल तर उरतात ६०, आणि खालचे थर वाटेतच बसतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेल्या ‘भगवा’ वाणाची साल चांगली जाड आहे, पण दबलेल्या खोक्यात तीही किती दिवस टिकणार?

सरळ रचण्याचा दुसरा फायदा हवेचा. शीतकंटेनरमध्ये गार हवा जमिनीतून येते आणि मालातून वर जाते. तोडलेले फळही श्वसन करत असते आणि उष्णता बाहेर टाकते, ती वाहून नेण्यासाठी खोक्यांना भोके असतात. भोकावर भोक आले तर हवेला वाट मिळते, थर गुंतवले की भोके बुजतात. सरळ रचनेचा दोष एकच, मनोरे सुटे राहतात आणि ट्रकच्या हादऱ्याने झुकतात. त्यावर चार कोपऱ्यांना उभ्या कडक पट्ट्या लावून आडवे पट्टे आवळतात. काही जण फक्त वरचे दोन-तीन थर गुंतवतात, कारण तिथे ओझे कमी असते. मला ही तडजोड शहाणपणाची वाटते.

खोकी एकाच मापाची असली तर संगणक उत्तम मांडणी झटकन देतो. किराण्याच्या गोदामातल्यासारखी सतरा मापांची असली, तर सर्वांत चांगली मांडणी हमखास आणि लवकर शोधून देणारी रीत अजून कुणालाच सापडलेली नाही. सॉफ्टवेअर बरी मांडणी देते, तेवढ्यावर काम चालते. पण बऱ्याच आराखड्यांत एक गोष्ट धरलेलीच नसते, ती म्हणजे रचणाऱ्याची कंबर.

आपल्याकडे जड ओझ्याची चर्चा झाली ती पोत्यांमुळे. साखरेचे पोते पूर्वी शंभर किलोचे असे, आता पन्नासचे असते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली होती. १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्यापुढे पाच किलोचे खोके म्हणजे काहीच नाही, असे वाटते. पण वर धरलेल्या एका कंटेनरमध्ये ३,६०० खोकी आहेत. प्रत्येक खोके एकदाच उचलले तरी १८ टन हातांवरून जातात.

अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेले एक सूत्र यासाठी जगभर वापरतात. ओझे जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर, अंगाच्या जवळ आणि क्वचितच उचलायचे असेल, तर २३ किलोपर्यंत चालते. मग कपात सुरू होते. पॅलेटचा पहिला थर १५ सेंटिमीटरवर असतो, मधले खोके ठेवायला हात ६० सेंटिमीटर पुढे न्यावे लागतात. एवढ्यानेच मर्यादा आठ किलोच्या आसपास येते. कारण वाकून हात लांबवले की खोक्याबरोबर आपल्या धडाचे वजनही कमरेच्या मणक्यांवर तरफेसारखे येते. त्यात मिनिटाला पाच-सहा खोकी आणि तीही दिवसभर, असे धरले की मर्यादा तीन किलोच्याही खाली जाते. हलके वाटणारे खोके तिच्या जवळजवळ दुप्पट भरते. संध्याकाळी धरलेली कंबर वयामुळेच असते असे नाही.

उपाय स्वस्त आहेत. पॅलेट भिंतीला लावू नये. चारही बाजूंनी फिरता आले तर कुठल्याही खोक्यासाठी हात निम्म्या रुंदीपलीकडे न्यावा लागत नाही. भरायचे पॅलेट दोन-तीन रिकाम्या पॅलेटवर ठेवून सुरुवात करावी, म्हणजे पहिला थरच गुडघ्याच्या जवळ येतो. निम्मे थर झाले की फोर्कलिफ्टने ते खाली जमिनीवर घ्यावे. शेवटचे चार-पाच थर डोक्याच्या आसपास किंवा वर जातात. तेव्हा पायाखाली रुंद, न डगमगणारा ओटा हवा. उलटे ठेवलेले कॅरेट त्याची जागा घेऊ शकत नाही.